वासुदेवशास्त्री खरे : मिरजेचे शिक्षक आणि हजारो कागदांची दुसरी प्रत



आज आपण एका शिक्षकाचं चरित्र पाहणार आहोत. हे शिक्षक होते वासुदेव वामन खरे, म्हणजेच वासुदेवशास्त्री खरे. त्यांचं संस्कृतचं शिक्षण साताऱ्यात झालं आणि नोकरी मिरजेत झाली. म्हणजे आपल्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांशी त्यांचं नातं आहे. चरित्र वाचता वाचता आपण आजच्या काळातली एक गोष्टही समजून घेऊ. ती म्हणजे खूप मोठ्या माहितीची दुसरी प्रत, ज्याला आपण बॅकअप म्हणतो, ती लवकर कशी तयार करायची.

आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षांपूर्वीचे शास्त्रीबुवा आणि कॉम्प्युटरचा बॅकअप यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आधी माझाच एक अनुभव सांगते.

मागे एकदा शाळेतला लॅपटॉप सारखा बंद पडायला लागला. त्यात मुलांचे फोटो, निकालपत्रकं, उपक्रमांचे अहवाल असं सगळं होतं. सगळं पेन ड्राइव्हवर घ्यायचं ठरवलं. पाच-सहा मोठे व्हिडिओ भराभर गेले. पण मुलांच्या छोट्या छोट्या फोटोंची फाइल आली आणि गाडी अडली. मधली सुट्टी संपली, शेवटचा तास संपला, तरी काम चालूच! शेवटी एका ओळखीच्या मुलाने सगळे फोटो एकत्र करून त्यांची एकच मोठी फाइल बनवली आणि ती थोड्या वेळात उतरली. फोटो तेच, लॅपटॉप तोच, पेन ड्राइव्हही तोच. बदलली ती फक्त कामाची पद्धत. तेव्हापासून मला खरेशास्त्र्यांच्या कामाकडे पाहण्याची एक नवी नजर मिळाली.

जन्म आणि शिक्षण

वासुदेवशास्त्र्यांचा जन्म ५ ऑगस्ट १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर या गावी झाला. गुहागर म्हणजे समुद्रकाठचं गाव. सुरुवातीचं शिक्षण तिथेच झालं. पुढे संस्कृत शिकण्यासाठी ते घाट चढून साताऱ्याला आले. साताऱ्यात अनंताचार्य गजेंद्रगडकर हे मोठे विद्वान होते. त्यांच्याजवळ राहून वासुदेवशास्त्र्यांनी संस्कृतचा अभ्यास केला.

त्या काळी शिकण्याची पद्धत कशी होती ते लक्षात घ्या. पुस्तकं फार थोडी आणि महाग. गुरूंकडे ग्रंथाची एखादी पोथी असायची. शिष्याने ती ऐकायची, पाठ करायची आणि हवी असेल तर स्वतःच्या हाताने लिहून घ्यायची. एका ग्रंथाची दुसरी प्रत हवी तर ती कुणीतरी बसून लिहिल्याशिवाय मिळायची नाही. आज आपण एका बोटाने कॉपी-पेस्ट करतो, म्हणून प्रत करणं म्हणजे कष्ट असतात हे आपल्या लक्षातच येत नाही.

नंतर ते पुण्याला गेले. न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा १८८० साली नुकतीच सुरू झाली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक अशी मंडळी तिथे होती. त्या वर्तुळाशी वासुदेवशास्त्र्यांचा परिचय झाला. पुढे ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून आले आणि मिरजेचेच झाले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी तिथे मुलांना शिकवलं.

ते नुसते शिक्षक नव्हते, लेखकही होते. त्यांनी कविता लिहिल्या, यशवंतराव नावाचं महाकाव्य लिहिलं. गुणोत्कर्ष, शिवसंभव, उग्रमंगल अशी नाटकं लिहिली. नाना फडणवीसांचं चरित्र लिहिलं. इचलकरंजी संस्थानचा इतिहास लिहिला. पण त्यांचं सर्वांत मोठं काम वेगळंच आहे. ते म्हणजे ऐतिहासिक लेखसंग्रह.

मिरजेतला खजिना

मिरज हे पटवर्धन सरदारांचं ठाणं. पटवर्धन घराणं मूळचं कोकणातलं. पेशवाईत ते पुढे आलं. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात मिरजेचा किल्ला आणि मोठा मुलूख त्यांच्याकडे आला. गोविंदराव, गोपाळराव, परशुरामभाऊ अशी पराक्रमी माणसं या घराण्यात झाली. हैदर आणि टिपू यांच्याविरुद्धच्या कर्नाटकातल्या मोहिमांत पटवर्धनांची फौज आघाडीवर असायची. १७९२ ची श्रीरंगपट्टणची मोहीम असो की १७९५ ची खर्ड्याची लढाई असो, परशुरामभाऊ तिथे होतेच. पुढे या घराण्याच्या शाखा झाल्या. मिरज, सांगली, जमखंडी, कुरुंदवाड ही संस्थानं त्यातलीच.

आता विचार करा. फौज महिनोन्‌महिने मुलुखाबाहेर. घरी मिरजेला, तासगावला खबर कशी कळणार? पत्रानेच. छावणीतून घरी पत्र, घरून छावणीत पत्र, पुण्यातल्या कारकुनाचं बातमीपत्र, सावकाराचा हिशेब, शत्रूच्या गोटातली खबर. फौज किती, धान्याचा भाव काय, पाऊस किती झाला, कोण कुणाला फितूर झाला, हे सगळं त्यात असायचं. असे हजारो कागद वर्षानुवर्षं साठले. कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवत. त्या कापडाला आणि गठ्ठ्यालाही रुमाल म्हणतात. अशा रुमालांचा साठा म्हणजे दप्तर. (आपण पाठीवर नेतो ते दप्तर हा शब्दही तोच बरं का!)

मिरजेत राहणाऱ्या खरेशास्त्र्यांना हे पटवर्धनी दप्तर पाहायला मिळालं. आणि त्यांच्या लक्षात आलं की हा खजिना आहे, पण धोक्यात आहे.

धोका कोणता?

धोका असा की प्रत्येक पत्र जगात एकच होतं.

पत्राची दुसरी प्रत कुठेही नाही. त्या एका कागदाला वाळवी लागली, घर गळलं, आग लागली, कृष्णेला पूर आला किंवा कुणी जुनी रद्दी म्हणून बंबात घातला, की त्यातली माहिती कायमची गेली. पुन्हा कुणालाही, कितीही पैसे दिले तरी मिळणार नाही.

हे आपल्या भागातल्या माणसाला जास्त समजावून सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा घरातली भांडी धुऊन पुन्हा वापरता आली. पण भिजलेली वह्या-पुस्तकं, सात-बाराचे जुने उतारे, लग्नातले फोटो? ज्यांची दुसरी प्रत होती तेवढीच वाचली.

दुसरा धोका लिपीचा. ही पत्रं मोडी लिपीत होती. इंग्रजी अंमलात छापील पुस्तकं बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत येऊ लागली आणि मोडी वाचणारे हळूहळू कमी होत गेले. म्हणजे कागद टिकला तरी वाचणारा टिकेल की नाही, ही शंका होतीच. आज आपल्यापैकी कितीजणांना मोडी येते? जुन्या फ्लॉपी डिस्कचं आज जे झालंय, तेच. फ्लॉपी कपाटात आहे, पण ती वाचणारं यंत्रच नाही.

मग यावर उपाय एकच. कागद वाचायचे, बाळबोधीत उतरवायचे आणि छापायचे. छापले की एका प्रतीच्या शेकडो प्रती होतात आणि त्या गावोगाव जातात. एका ठिकाणी आग लागली तरी दुसऱ्या ठिकाणी प्रत शिल्लक राहते. आजच्या भाषेत हाच बॅकअप.

वेग कुठे अडतो?

काम ठरलं, पण ते पुरं कसं होणार? एक साधं गणित करू. समजा एका माणसाने रोज चार पत्रं वाचून उतरवली. वर्षात कामाचे अडीचशे दिवस धरले तर वर्षाला एक हजार पत्रं होतील. आणि दप्तरातली पत्रं तर कितीतरी हजार! शिवाय हा माणूस दिवसा शाळेत शिकवणार. मग वेग वाढवायचा कसा?

बहुतेकांना वाटतं, हात भरभर चालवला की झालं. पण इथेच गंमत आहे. वेळ लिहिण्यात जातच नव्हता. वेळ जात होता वाचण्यात.

मोडी ही मुळात वेगासाठी वापरली जाणारी लिपी. लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचा. मग त्या रेघेखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जायचा. बाळबोधीत प्रत्येक अक्षरावर हात थांबतो, काना-मात्रेसाठी पुन्हा उचलावा लागतो. मोडीत तसं नाही. अक्षरांना वळणं अशी दिली की एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात जोडली जाते. बोरू थांबतो तो दौतीत बुडवायला. म्हणून कारकुनाचा हात पळायचा.

पण लिहिणाऱ्याने जो वेळ वाचवला तो वाचणाऱ्याला भरावा लागतो. मोडीत शब्द सुटे केलेले नसतात. विरामचिन्हं नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बहुधा पाळलेला नसतो. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. त्यात नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपं.

आणि सगळ्यात मोठी अडचण तारखेची. पत्रावर बहुधा मुसलमानी महिना आणि त्या महिन्याचा चंद्र म्हणजे दिवस लिहिलेला असतो, त्याच्याआधी छ हे अक्षर असतं. पण साल पुष्कळदा नसतंच! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीतच होतं, मग कशाला लिहायचं? शंभर वर्षांनी वाचणाऱ्याने मात्र मजकुरावरून साल शोधायचं. अमुक सरदार जिवंत आहे, अमुक किल्ला अजून घेतलेला नाही, म्हणजे हे पत्र अमुक वर्षाचं, असा हिशेब लावायचा.

म्हणजे साखळीतली सगळ्यात हळू कडी होती पत्र समजून घेणं. ती कडी सुधारल्याशिवाय बाकी कितीही घाई केली तरी उपयोग नव्हता.

खरेशास्त्र्यांची पद्धत

ऐतिहासिक लेखसंग्रह १८९७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याचे भाग तुम्ही उघडून पाहिलेत तर त्यातली पद्धत लगेच दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे निवड. दप्तरातला प्रत्येक कागद त्यांनी छापला नाही. ज्यातून इतिहास कळतो अशी पत्रं त्यांनी निवडली. सगळंच उतरवायला बसले असते तर काम कधीच पुरं झालं नसतं. अर्थात निवडीला किंमत असते. जे सोडलं त्याची दुसरी प्रत झाली नाही. त्यामुळे निवड करणारा माणूस जाणकार असावा लागतो. खरेशास्त्र्यांचा पेशवाईचा अभ्यास आधीच झालेला होता, म्हणून त्यांची निवड आजही कामाला येते.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. पत्रं त्यांनी काळाच्या क्रमाने लावली. क्रम लागला की एक पत्र दुसऱ्याला समजावून सांगतं. कालच्या पत्रात फौज नदीच्या अलीकडे असेल, तर आजच्या पत्रातला अर्धवट मजकूर लगेच उलगडतो. सुटं पत्र हातात घेऊन तासभर डोकं खाजवण्यापेक्षा एका मोहिमेची पत्रं एकत्र घेतली तर वाचन सरासर होतं. माझ्या लॅपटॉपवरच्या सुट्या फोटोंची एक मोठी फाइल केली, तसंच हे!

तिसरी गोष्ट म्हणजे जोडणी. पत्रांच्या गटाआधी त्यांनी त्या काळाची हकिकत थोडक्यात लिहून दिली. त्यामुळे वाचणाऱ्याला पत्र कुठल्या प्रसंगातलं आहे ते कळतं. नुसती प्रत करून ठेवली आणि तिच्यात काय आहे हेच कळलं नाही, तर ती प्रत असून नसल्यासारखी.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सातत्य. त्यांनी सगळं काम पुरं झाल्यावर एकदम छापू, असं म्हटलं नाही. जेवढं तयार होत गेलं तेवढं प्रसिद्ध होत गेलं. त्यामुळे काम मध्येच थांबलं असतं तरी तोवरचं सुरक्षित झालेलं असतं. असे बारा भाग त्यांच्या हातून झाले. शाळेची नोकरी सांभाळून आणि नंतर निवृत्तीतही हे काम चालू राहिलं.

आजचा बोरू आणि आजचा कागद

आता आजच्या काळात येऊ. बँका, विमा कंपन्या, हवामान खातं, मोठी रुग्णालयं यांच्याकडे रोज प्रचंड माहिती जमा होते. त्यांचं पटवर्धनी दप्तरच म्हणा ना! ती माहिती सर्व्हरच्या डिस्कवर असते. डिस्क बिघडू शकते, व्हायरस शिरू शकतो. म्हणून तिची दुसरी प्रत घ्यावी लागते. ही प्रत आजही अनेक ठिकाणी चुंबकीय टेपवर घेतात. हो, टेप! जुन्या कॅसेटमध्ये असायची तशीच पट्टी, पण कितीतरी सुधारलेली. संगणकासाठी टेपचा वापर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होतोय.

सध्या एलटीओ नावाची टेप सगळीकडे चालते. तिची नववी पिढी २०२१ मध्ये आली. तळहातावर मावेल अशा डबीत १,०३५ मीटर लांबीची, अर्धा इंच रुंदीची पट्टी असते. तिच्यावर १८ टेराबाइट माहिती मावते. ड्राइव्ह ती सेकंदाला ४०० मेगाबाइट या वेगाने लिहू शकतो. चला, गणित करू. १८ टेराबाइट म्हणजे १ कोटी ८० लाख मेगाबाइट. भागिले ४००. उत्तर ४५,००० सेकंद, म्हणजे साडेबारा तास. रात्री आठला सुरू केलं तर सकाळी साडेआठला एक टेप भरते.

पण हे कधी? माहिती तेवढ्या वेगाने येत असेल तर! समजा सर्व्हरकडून माहिती सेकंदाला १०० मेगाबाइटच येतेय. मग त्याच कामाला ५० तास लागतील. टेप वेगवान आहे हो, पण तिला खायला कोण घालणार? इथेही तेच, सगळ्यात हळू कडी कुठली ते आधी शोधायचं. बरेच लोक बॅकअप हळू होतोय म्हणून नवा महाग ड्राइव्ह घेतात आणि मग कळतं, दोष ड्राइव्हचा नव्हताच. हळू होती ती डिस्क, किंवा मधली नेटवर्कची तार.

टेपचा आणखी एक स्वभाव आहे. ती मोडी लिहिणाऱ्या बोरूसारखी आहे, तिला थांबणं मानवत नाही. पट्टी वेगाने पळत असताना पुढची माहिती आली नाही, तर ड्राइव्हला थांबावं लागतं. पळणारी पट्टी जागच्या जागी थांबत नाही, ती थोडी पुढे जाते. मग तिला मागे घ्यायचं, योग्य जागा शोधायची आणि पुन्हा पळवायचं. असं सारखं झालं की बूटपॉलिशवाल्याच्या फडक्यासारखी पट्टी मागे-पुढे होत राहते. वेळ तर जातोच, शिवाय पट्टी आणि लिहिणारं डोकं दोन्ही झिजतात. अलीकडचे ड्राइव्ह येणाऱ्या माहितीनुसार आपला वेग काहीसा कमी करतात, पण त्यालाही मर्यादा आहे.

मग वेग वाढवण्यासाठी जाणकार काय करतात? बघा, यातलं किती तुम्हाला ओळखीचं वाटतं.

१) माहिती आधी एका वेगवान डिस्कवर गोळा करून ठेवतात आणि मग तिथून टेपवर सलग सोडतात. म्हणजे टेपला वाट पाहावी लागत नाही. आधी पत्रं लावून घ्या, मग लिहायला बसा, तसंच.

२) लाखो छोट्या फाइल एकत्र बांधून मोठी फाइल करतात. प्रत्येक फाइल शोधणं, उघडणं, बंद करणं यातच वेळ जातो. तो वाचतो.

३) एक सर्व्हर हळू असेल तर चार-पाच सर्व्हरची माहिती एकाच वेळी घेऊन एका टेपवर गुंफतात. एकाकडून यायला उशीर झाला तरी दुसऱ्याची माहिती तयार असते. पण परत मिळवताना एका सर्व्हरची माहिती विखुरलेली सापडते, म्हणून हे बेतानेच करावं लागतं.

४) रोज सगळं उतरवत नाहीत. एकदा पूर्ण प्रत घेतात आणि नंतर फक्त जे नवं आलं किंवा बदललं तेवढंच घेतात.

५) आणि शेवटी, कधीतरी टेपवरून माहिती परत काढून पाहतात. कारण जी प्रत परत वाचता येत नाही, ती प्रत नव्हेच.

हे सगळं कशासाठी करायचं, याचं एक उदाहरण सांगते. फेब्रुवारी २०११ मध्ये एका बिघाडामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांची पत्रपेटी अचानक रिकामी दिसू लागली. डिस्कवरच्या प्रतींनाही त्या बिघाडाचा फटका बसला होता. पण टेपवर प्रत होती. टेप ड्राइव्हमधून बाहेर काढून ठेवलेली असते, त्यामुळे सर्व्हरवर झालेली चूक तिच्यापर्यंत पोचत नाही. त्या टेपवरून पत्रं परत मिळवली गेली. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी कपाटात ठेवलेल्या पट्टीचाच आधार झाला!

साताऱ्यातले सोबती

खरेशास्त्री या कामात एकटे नव्हते. त्याच काळात आपल्या भागात आणखीही माणसं कागद वाचवत होती. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस होते. त्यांनी आयुष्यभर जुने कागद, चित्रं, ग्रंथ जमवले आणि इतिहाससंग्रह नावाच्या मासिकातून कितीतरी कागद छापले. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात संग्रहालय उभं राहिलं. पुढे १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे तर कागदांच्या शोधात गावोगाव फिरले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे खरेशास्त्र्यांनी सुरुवात केल्यावर एकाच वर्षाने.

काम किती मोठं होतं याची कल्पना यावी म्हणून पुण्याच्या पेशवे दप्तराचं उदाहरण घ्या. तिथे सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. रोज एक रुमाल उघडायचा म्हटलं, एकही सुट्टी न घेता, तरी ९५ वर्षांहून अधिक काळ लागेल! १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सहायकांना बरोबर घेऊन त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून काढले. तिथेही तेच सूत्र होतं. निवड करा, वर्गवारी लावा, अनेक हात एकाच वेळी कामाला लावा.

आणि खरेशास्त्र्यांनी केलेली प्रत परत वाचता येते का, याची परीक्षाही झाली. मराठी रियासत लिहिताना सरदेसायांनी खरेशास्त्र्यांच्या लेखसंग्रहाचा आधार घेतला. पानिपतानंतरच्या मराठ्यांच्या दक्षिणेतल्या हालचालींबद्दल लिहिणाऱ्याला आजही हे भाग उघडावे लागतात. मोडीचं एक अक्षरही न येणारी तुमच्या-माझ्यासारखी माणसं ती पत्रं वाचू शकतात. माझ्या दृष्टीने हाच त्या बॅकअपचा खरा निकाल.

अखेर

११ जून १९२४ रोजी मिरजेत खरेशास्त्र्यांचं निधन झालं. दप्तर अजून संपलेलं नव्हतं. पण काम तिथेच थांबलं नाही. त्यांच्या चिरंजीवांनी लेखसंग्रहाचे पुढचे भाग काढले. वडिलांनी घालून दिलेली पद्धत तयार होती, म्हणूनच हे शक्य झालं.

पुढे १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. संस्थान गेलं, दरबार गेला. त्या दरबारात कोण काय म्हणालं, कुणी कुणाला काय लिहिलं, हे मात्र राहिलं, कारण एका शाळामास्तरांनी त्याची वेळेत प्रत करून ठेवली.

मुलांनो, या चरित्रातून मी एक गोष्ट शिकले, ती तुम्हालाही सांगते. मोठं काम भरभर हात चालवून लवकर होत नाही. ते लवकर होतं नीट लावून घेतल्याने, अडणारी जागा शोधल्याने आणि मध्येच न थांबल्याने. अभ्यासाचंही तसंच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं पुस्तक डोक्यात उतरवायला बसलात तर तुमची टेप मागे-पुढे होणारच! रोज जेवढं नवं शिकलात तेवढंच रोज पक्कं करा.

आणि एक आठवण. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांची जुनी पत्रं, खरेदीखतं, मोडीतले कागद असतील तर ते जपा. फेकू नका. आजच मोबाइलवर फोटो काढा, फोटोला नाव आणि साल द्या आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. पूर किंवा आग तारीख सांगून येत नाही.

थोडक्यात माहिती

पूर्ण नाव : वासुदेव वामन खरे
जन्म : ५ ऑगस्ट १८५८, गुहागर
संस्कृतचे गुरू : अनंताचार्य गजेंद्रगडकर, सातारा
नोकरी : संस्कृत शिक्षक, मिरज
मुख्य कार्य : ऐतिहासिक लेखसंग्रह (१८९७ पासून, बारा भाग)
निधन : ११ जून १९२४, मिरज

विचार करा, उत्तरे लिहा

१) पटवर्धनी दप्तरातल्या पत्रांना कोणकोणते धोके होते?
२) मोडी लिहायला सोपी पण वाचायला अवघड का?
३) एक टेप १२ टेराबाइटची आहे. माहिती सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने येते. टेप भरायला किती तास लागतील? (१ टेराबाइट म्हणजे १० लाख मेगाबाइट धरा.)
४) सगळेच कागद न छापता निवडक कागद छापण्याचा एक फायदा आणि एक तोटा सांगा.

उपक्रम : घरातला एखादा जुना कागद मोठ्या माणसांच्या मदतीने वाचा. तो कुणी, कुणाला, कधी लिहिला ते वहीत नोंदवा. त्याची एक प्रत हाताने लिहून पाहा आणि किती वेळ लागला तेही लिहा. वेळ वाचण्यात जास्त गेला की लिहिण्यात, हे वर्गात नक्की सांगा!